चूल गार असते तेव्हा



बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'बहुभाषिक वस्तीतील खाद्यसंस्कृती' असा लिहिला आहे. अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये हा विषय निघणे साहजिकच आहे. औद्योगिक वसाहतीच्या शेडमधून तिसरी पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, बंगाली, अहिराणी आणि मराठवाडी बोलीची मराठी एकाच वेळी ऐकू येते. अलीकडे आयुध निर्माणीची वसाहत आहे, पलीकडे बदलापूरच्या इमारती, आणि वालधुनीच्या काठाने खाली उतरत गेले की उल्हासनगरचे कॅम्प. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर होती, अंबरनाथची सुमारे अडीच लाख, बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. आता ती किती फुगली आहे हे लोकलमध्ये चढताना कळतेच.

अशा विषयावर वक्ता काय बोलणार, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. दाल-पकवान, सिंधी कढी, ओणमचा सद्या, छठचा ठेकुआ, खापरावरची पुरणपोळी, आगरी लग्नातले वडे. प्रत्येकाचे दोन मिनिटे कौतुक, शेवटी विविधतेतल्या एकतेचा उल्लेख आणि टाळ्या. हे सगळे पदार्थ मला आवडतात. पण आज त्यांची यादी वाचायची नाही, असे मी ठरवून आले आहे. आज मी शिळ्या अन्नाबद्दल बोलणार आहे.

याचे कारण सांगते. शेजारून येणारी झाकलेली वाटी नेहमी सणाची असते. तिच्यात तूप हात सैल सोडून घातलेले असते, वर काजू-बदाम असतात आणि वाटीसुद्धा घरातली त्यातल्या त्यात चांगली असते. लग्नातल्या फोटोवरून माणूस जितका कळतो तितकेच या वाटीवरून शेजारचे घर कळते. त्या घराचे खरे स्वयंपाकघर दिसते ते काल रात्री उरलेल्या चार पोळ्यांचे आज सकाळी काय होते, यावरून. ते मात्र कोणी वाटीत घालून पाठवत नाही.

लग्नानंतर आमचे बिऱ्हाड काही वर्षे उल्हासनगरात होते. मी जळगावकडची. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांपलीकडे जग असते हे मला ऐकून माहीत होते. आमच्या भिंतीला भिंत लागून एका सिंधी कुटुंबाची खोली होती. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी चाळ 'दादी' म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. सणाला आमच्या वाट्यांची देवाणघेवाण होई. होळीला त्यांच्याकडून घीयर यायचा, जिलबीचा थोरला भाऊ शोभेल असा, हाताच्या पंज्याएवढा आणि चवीला किंचित आंबूस. आमच्याकडून पुरणपोळी जायची. दोन्ही घरे एकमेकांचे कौतुक करत होती आणि दोघींनाही एकमेकींबद्दल काहीच कळत नव्हते.

कळायला लागले ते एका सकाळी, भिंतीपलीकडून आलेल्या वासामुळे. लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटो परतल्याचा वास होता, पण भाजीचा नव्हता. मी तेव्हा फोडणीची पोळी करत होते. कोणी येण्याआधी ती संपवायची, हा माहेरचा शिरस्ता. तेवढ्यात दादी दारात आल्या, माझ्या कढईत डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, "अरे बेटी, तू भी?" मग त्यांनी माझा हात धरून मला आपल्या शेगडीपाशी नेले. तिथे कालच्या फुलक्यांचे तुकडे टोमॅटो-लसणाच्या रश्शात रटरटत होते. सेयल फुलको. पावाचे केले तर सेयल डबल. आमची फोडणीची पोळी कोरडी आणि कुरकुरीत, त्यांची ओली आणि मऊ. सिंधी घरांत 'सेयल' करणे, म्हणजे कांदा, लसूण किंवा कोथिंबीर यांच्या अंगच्या पाण्यात मंद शिजवणे, ही एक पद्धतच आहे. मटण तसे करतात, मासळी तशी करतात आणि उरलेली पोळीही तशीच करतात. घरातल्या सर्वांत मानाच्या आणि सर्वांत सामान्य पदार्थाला एकच हात लावणारी ही पद्धत मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली. ती घीयरने समजली नसती.

त्यानंतर आमच्यात शिळ्याची देवाणघेवाण सुरू झाली. सणाच्या वाटीला उलट वाटी द्यावी लागते, हिशेब राहतो. शिळ्याला हिशेब नसतो.

दादींची पिढी उल्हासनगरात कशी आली, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर, सिंधी हिंदू मोठ्या संख्येने बोटीने मुंबईला आले. त्यांतल्या सुमारे लाखभरांना सरकारने या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. लांबलचक बराकी, मध्ये गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे, की झाली खोली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी 'कॅम्प' राहिलाच. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात.

पडद्याने केलेल्या खोलीत अन्न लपत नाही. शेजाऱ्याच्या शेगडीवर आज काय आहे आणि आज काहीच कसे नाही, दोन्ही कळते. सिंधूकाठी हे लोक 'पल्लो' मासा खात. समुद्रातून नदीत उलट चढणारा हा मासा झूलेलालच्या चित्रात देवाच्या पायाखाली असतो. इथे आल्यावर तो ताटातून जवळजवळ गेला आणि चित्रात राहिला. कमळाचे देठ मात्र टिकले, कारण ते बाजारात आणणारा कोणीतरी निघाला. त्याला ते 'भी' म्हणतात. उल्हासनगरच्या मंडईत ते आजही मिळते आणि आता मराठी बायकाही ते चिखल धुऊन, तिरके कापून घेऊन जातात. स्थलांतरात कोणता पदार्थ तगेल हे प्रेमावर ठरत नाही, पुरवठ्यावर ठरते. शिळ्याला पुरवठ्याची अडचण कधीच येत नाही, म्हणून त्याच्या रीती सर्वांत कमी बदलतात. हे माझे निरीक्षण आहे. अभ्यासकांनी तपासून पाहावे.

या रीतींना एक सणही आहे. श्रावण वद्य सप्तमीला, म्हणजे जन्माष्टमीच्या आदल्या दिवशी, सिंधी घरांत 'थदडी' असते. त्या दिवशी चूल पेटत नाही. सगळा स्वयंपाक आदल्या रात्री होतो. मिठो लोलो म्हणजे कणकेत साखरेचा किंवा गुळाचा पाक, वेलची आणि सढळ मोहन घालून केलेली जाड, खुसखुशीत पोळी. तिच्यासोबत कोकी, तळलेली कारली, भेंडी, बटाट्याचे टुक, दहीवडे, रायते. रात्री उशिरा सगळे आटोपले की शेगडी घासूनपुसून लख्ख करायची, तिच्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे, हात जोडायचे. सकाळी विहिरीवर, नदीवर, ते नसेल तर घरातल्या नळापाशी पाण्याची पूजा होते आणि मग सगळे घर गार अन्न जेवते. लग्न झालेल्या लेकीकडेही या जेवणातला वाटा पाठवतात.

हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला नवल वाटले नाही. आमच्याकडे हे पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेले, एवढेच मनात आले. श्रावण शुद्ध सप्तमीला मराठी घरांत शीतला सप्तमी असते. कहाण्यांच्या पोथीत तिची कहाणी 'शिळासप्तमीची' म्हणून येते. गावासाठी खोदलेल्या तळ्याला पाणी लागत नाही, जलदेवता राजाच्या घरातल्या लहानग्याचा बळी मागते, तो दिला जातो, आणि पुढे त्याची आई काकडीच्या पानावर दहीभात घेऊन तळ्यावर जाते तेव्हा मूल परत मिळते. गोष्ट भयंकर आहे. लहानपणी ऐकताना दहीभाताकडे लक्ष असे, म्हणून ती सोसायची. सिंधी थदडीत आणि या कहाणीत गार अन्न आणि पाणी एकत्रच येतात. गुजराती घरांत तर थदडीच्याच दिवशी शीतळा सातम असते आणि आदल्या दिवसाला 'रांधण छठ' असे चोख नाव आहे. त्या दिवशी थेपले, ढेबरे आणि पुऱ्यांचा ढीग पडतो.

मग मला नाद लागला. या पट्ट्यातल्या कोणत्या घरी कोणत्या दिवशी चूल गार असते, ते मी विचारत सुटले. शिकवण्याच्या निमित्ताने पुढे अंबरनाथला आले. वर्गात मुले दहा ठिकाणची, आणि मुलांना आईच्या स्वयंपाकाबद्दल विचारले की ती खरे बोलतात. हळूहळू माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीच्या खुणा वाढत गेल्या.

होळीनंतर आठवडाभराने राजस्थानी आणि उत्तर प्रदेशी घरांत 'बासोडा' येतो. शीतला अष्टमीला कालच्या पुऱ्या, गोड भात, दही. वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पश्चिम बंगालच्या घरांत 'गोटा शेद्धो' असतो. आदल्या दिवशी कडधान्य आणि भाज्या न चिरता, अख्ख्याच उकडून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी गारच खायच्या. त्या दिवशी पाटा-वरवंट्यालाही सुट्टी असते, त्याची पूजा होते. एप्रिलच्या मध्यावर मैथिली कुटुंबांचा 'जुड़ शीतल' येतो. आदल्या दिवशी सत्तू, दुसऱ्या दिवशी रात्रीचा भात आणि कढीतल्या 'बड़ी'. सकाळी घरातली वडीलधारी माणसे धाकट्यांच्या डोक्यावर थंड पाण्याची ओंजळ सोडतात आणि झाडांच्या मुळाशीही पाणी घालतात.

आणि सप्टेंबरची १७ तारीख. आनंदनगरात ती कोणाला सांगायला नको. विश्वकर्मा पूजा. शेडमधली यंत्रे पुसून, हार घालून बंद ठेवलेली असतात, लेथवर कुंकू असते, प्रसादाचे बुंदीचे पुडके हातात येते. त्याच सुमाराला, भाद्र संक्रांतीला, बंगालच्या अनेक भागांत 'अरंधन' पाळतात, म्हणजे रांधायचे नाही. आदल्या रात्री भात शिजवून पाण्यात घालायचा, भाज्या आणि मासळी तळून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो पांता भात खायचा. पूजा मनसादेवीची. एकाच दिवशी कारखान्यात यंत्र थांबते आणि कामगाराच्या घरी चूल थांबते. हा योग कोणी ठरवून आणलेला नाही, पंचांगानेच तो जुळवला आहे.

या सणांतल्या बऱ्याच सणांची देवता शीतला आहे. गाढवावर बसलेली, हातात केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप. ती देवीच्या रोगाची देवता, आणि अंगात ताप असताना घरात आग नको, हा साधा विचार गार चुलीमागे असावा असे म्हणतात. भारतातला देवीचा रोगी शेवटचा आढळला तो १९७५ साली, आणि १९८०मध्ये जगातून हा रोग गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रोग गेला आणि सण राहिला. मला याचे आश्चर्य वाटत नाही. रोगाच्या निमित्ताने लोकांनी एक कौशल्य सणात बांधून ठेवले होते आणि त्या कौशल्याची गरज रोगाबरोबर संपली नाही.

ते कौशल्य कोणते, हे जरा नीट पाहू. अन्न एक रात्र टिकवायचे असेल तर तीनच मार्ग आहेत. पहिला, पाणी कमी करायचे. लोलो आणि कोकी यांचे सगळे तंत्र एवढेच. कोकीचे पीठ घट्ट भिजवतात, त्यात मोहन, कांदा, अनारदाणे. गोळा जाडसर लाटून तव्यावर नुसता शेकून घेतात, पुन्हा लाटतात, सुरीने वर चिरा देतात आणि मंद आचेवर तेल सोडत भाजतात. घाई केली तर आत कच्ची राहते आणि कच्ची राहिली तर दुसऱ्या दिवशी चिकट होते. फाळणीच्या प्रवासाच्या आठवणी सांगताना जुनी माणसे कोकीचे नाव काढत ते उगाच नाही. दुसरा मार्ग तळण्याचा. कारल्याच्या काचऱ्या, भेंडी, टुक हे सारे त्यात आले. तिसरा मार्ग आंबवण्याचा.

या तिसऱ्या मार्गावर माझे प्रेम आहे, म्हणून थोडी थांबते. ओडिया घरातला पखाळ, बंगाली पांता, तेलुगू चद्दन्नम, तमिळ पळैय सोरु आणि मल्याळी पळंकंजी हे सगळे एकाच कुळातले. रात्रीचा भात गार करायचा, तो बुडेल इतके पाणी घालायचे आणि झाकून ठेवायचे. सकाळपर्यंत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्याला आंबटपणा आणतात आणि तो आंबटपणाच भात राखतो. सोबत कोणाकडे कच्चा कांदा, कोणाकडे भाजलेली मिरची, कोणाकडे सुकी मासळी, ताकातली मिरची, उकडलेला टॅपिओका. पुरीच्या जगन्नाथालाही पखाळाचा नैवेद्य असतो. अलीकडे ओडिया मंडळी २० मार्च हा दिवस 'पखाळ दिवस' म्हणून साजरा करतात. आनंदनगरच्या खोल्यांत एका खोलीत चार-पाच जण, पाळ्या वेगळ्या, गॅस एकच. तिथे पखाळ तारखेसाठी थांबत नाही. रात्री बारानंतर परतणारा भात पाण्यात ठेवून झोपतो, सकाळी उठणारा मीठ-कांदा घेऊन तो खातो आणि कामावर जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहायचे असेल तर पोटात दुसरे काही ठेवूच नये.

आपल्या फोडणीच्या भातापेक्षा ही पद्धत एका बाबतीत शहाणी आहे. भातात एका जिवाणूची बीजे शिजवल्यावरही जिवंत राहतात. कोमट भात तासन्‌तास उघडा राहिला तर ती वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष सकाळच्या फोडणीनेही जात नाही. म्हणून भात ठेवायचाच असेल तर लवकर गार करावा, पसरून ठेवावा किंवा पाण्यात घालून आंबू द्यावा. हे सांगितल्यावर माझ्या एका मैत्रिणीने फोडणीचा भात कायमचा सोडला. एवढे टोक गाठायची गरज नाही.

आता कडू भागाकडे येते. हे सगळे मी एकदा शाळेतल्या पालकसभेत मोठ्या उत्साहाने सांगत होते. निमित्त होते पौष्टिक डब्याचे. एक आई शेवटच्या रांगेतून उठून म्हणाली, "बाई, तुम्ही शिळ्याचा सण म्हणताय. आमच्या आजीसमोर शिळं हा शब्दही काढायची सोय नव्हती." सभा गप्प झाली. ती अंबरनाथच्याच एका बौद्ध वस्तीत राहत होती आणि तिची आजी मराठवाड्यातली होती. पुढचे तिला सांगावे लागले नाही.

गावगाड्यात महारांनी येसकरकीचे काम करायचे आणि त्याबदल्यात सांजेला घरोघरी भाकरी मागायची, हा त्यांचा 'हक्क' म्हणून सांगितला जाई. टोपल्यात पडणारी ती भाकरी बहुधा शिळी असे. मार्च १९२७मध्ये महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना जे सोडायला सांगितले त्यात मेलेल्या जनावराचे मांस होते आणि हे शिळे तुकडेही होते. चवदार तळ्याचे पाणी आपण सर्वांना सांगतो. तुकडे सोडण्याचा तो उपदेश त्याच परिषदेतला आहे, पण तो सांगायचे राहून जाते. कित्येक घरांनी तो अक्षरशः पाळला. त्या आजीच्या घरात रात्री उरलेली भाकरी सकाळी माणसांच्या ताटात येत नसे; कोंबड्यांना घालत. परवडत नसतानाही.

म्हणजे एकाच वस्तीत, एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, कालची भाकरी एका घरात देवीचा नैवेद्य होती आणि दुसऱ्या घरात नाकारलेला अपमान. दोन्ही घरे आपापल्या जागी बरोबर होती. ज्याच्याकडे ताजे खाण्याची सोय आहे तो वर्षातून एक दिवस शिळे खातो आणि त्याला व्रत म्हणतो. ज्याच्यावर शिळे लादले गेले त्याने ते नाकारणे हेच व्रत. 'बहुभाषिक वस्तीतील खाद्यसंस्कृती' असे नाव दिले की हा भाग गळतो, कारण भाषा वेगळी असणे आणि पंगत वेगळी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिंधी शेजारणीच्या घरी मी निर्धास्त जेवले, तिच्या पदार्थांची नावे पाठ केली. माझ्याच भाषेत बोलणाऱ्या, दोन गल्ल्यांपलीकडच्या घरातले पदार्थ मला कळले ते पुष्कळ नंतर, आणि तेही आधी पुस्तकातून.

ते पुस्तक शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५चे. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे अन्न त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. मांस वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वेगवेगळ्या भागांचे वेगवेगळे प्रकार. तूप नाही, दूध नाही, तेलाचा थेंब मोजून. त्यातही कौशल्य तेच आहे. पाणी काढून टाका, मीठ लावा, उन्हात घाला, टिकवा. शीतलेच्या सणांत जे शास्त्र दिसते ते इथे जगण्यासाठी वापरलेले आहे. त्याला देव मिळाला नाही, म्हणून कहाणीही मिळाली नाही. पाककृतींच्या पुस्तकांनी त्याला शेवटच्या प्रकरणातही जागा दिली नाही. पाटोळ्यांनी ती स्वतः करून घेतली. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी हे वाचावे, आणि वाचताना तोंडाला पाणी सुटले तर सुटू द्यावे. सहानुभूतीने वाचायचे ते पुस्तक नव्हे.

त्या आईला मी काय उत्तर दिले, असे तुम्ही विचाराल. उत्तर दिले नाही. पुढे डब्याच्या पौष्टिकतेवर बोलताना 'काल रात्रीचे' असे म्हणू लागले आणि ज्या घरातून ताजेच येते तिथे ताजेच का येते, ते विचारायचे बंद केले.

दुसरी कडू गोष्ट बायकांच्या कष्टांची. गार चुलीच्या दिवसाला बाईचा विश्रांतीचा दिवस म्हणायची पद्धत आहे. ज्यांनी आदली रात्र पाहिली आहे त्यांनी असे म्हणू नये. रांधण छठच्या रात्री गुजराती बाई दोन दिवसांचा स्वयंपाक एका रात्रीत करते. थदडीच्या आदल्या रात्री दादींच्या घरात बारा वाजेपर्यंत लोलो भाजले जात आणि धूर आमच्या खोलीत येई. चूल विसावते, बाई विसावत नाही. फार तर तिच्या कष्टांची तारीख बदलते.

बदलापूरची बाई तर आता रोजच थदडी पाळते. पहाटेची लोकल पकडून फोर्टातल्या किंवा ठाण्यातल्या कचेरीत पोहोचायचे तर भाजी रात्रीच चिरलेली, कणीक रात्रीच मळलेली, निम्मा डबा रात्रीच शिजलेला. फ्रिजमुळे हे सुरक्षित झाले, एवढा फरक. पण ती हे सांगत नाही. सासूबाई गावाहून आल्या की पहाटे चारला उठून सगळे नव्याने करते. देवीसाठी शिळे चालते, नोकरीसाठी चालत नाही, हा आपल्या घरांतला कायदा मला अजून समजलेला नाही. डब्यातल्या कालच्या भाजीची लाज वाटणाऱ्या प्रत्येक बाईला एकदा थदडीच्या जेवणाला बसवावे. जे रोज लपवते तेच इथे पाटावर, पूजा होऊन वाढलेले तिला दिसेल.

या कॅलेंडरातला आणखी एक दुवा आपल्या अगदी जवळचा आहे आणि मी तो शेवटी ठेवला म्हणून रागावू नका. कॅम्प, कारखाने, इमारती हे सगळे येण्याआधी इथे आगरी, ठाकर, कातकरी होते. आगरी घरातली शिळी तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुकट ही सकाळची न्याहारी आहे, तिला तिथे कोणी शिळे म्हणून हिणवत नाही. पावसाच्या तोंडाशी बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनबाहेर ठाकर आणि कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत हिरवी काकडे असतात, कारण काकडांशिवाय शेवळे घशाला खाजतात. ही जोडी ज्यांनी पहिल्यांदा जुळवली त्यांनी किती घसे खाजवून घेतले असतील कोण जाणे. दादी शेवळांना भ्यायच्या. मी एकदा वालाची डाळ घालून केली आणि नेऊन दिली. उरलेली त्यांनी दुसऱ्या दिवशी सेयल पद्धतीने, लसूण-कोथिंबिरीत पुन्हा शिजवली आणि तीच वाटी मला परत पाठवली. चव सुधारली होती. हे त्यांना सांगितले नाही, कारण त्यांनी मग पुढची सगळी शेवळे ताब्यात घेतली असती.

प्रश्नोत्तरांना आता दहाएक मिनिटे आहेत. दरवेळी लोलोची कृती विचारतात, म्हणून ती आधीच देऊन टाकते. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी गूळ, अगदी थोड्या पाण्यात विरघळवून गार केलेला. कडकडीत नव्हे, नुसते पातळ केलेले चार चमचे तूप कणकेला चोळायचे, मूठ वळली पाहिजे. वेलदोडा, हवी तर बडीशेप. गुळाचे पाणी घालून घट्ट भिजवायचे, मळत बसायचे नाही. पुरीच्या चौपट जाड लाटायचे, काट्याने टोचायचे आणि मंद तव्यावर कडेने तूप सोडत दोन्ही बाजूंनी बदामी होईपर्यंत भाजायचे. एका लोलोला दहा मिनिटे सहज लागतात. गरम खाल्ला तर तो विशेष लागत नाही. सुती फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी घट्ट दह्याबरोबर खा.